मलेबाई

काठेवाडी मेंढपाळ आल्याची बातमी हल्ली गावाला फोनवर कळते. पूर्वी आधी उंटांच्या घंटा ऐकू यायच्या, मग मेंढरांचा धुरळा दिसायचा आणि मग बाया परसातल्या कोंबड्या आत घ्यायच्या. आता कनेरगाव नाक्यावर कुणीतरी उंटांचा फोटो काढतं आणि डेरा शिवारात यायच्या आधीच तो फोटो घराघरांत पोचतो. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास तो फोटो परमेश्वरनं टाकला. खाली लिहिलं, 'काठेवाडी आले. शेळ्या-कोंबड्या संभाळा.' परमेश्वर पिकअप चालवायचा. वाशिम-हिंगोली रस्त्यावर त्याचं सारखं येणं-जाणं, त्यामुळं असल्या बातम्या गावाला बहुतेक त्याच्याकडूनच मिळत.

त्याची आई पंचफुलाबाई तेव्हा मेंढरं सोडत होती. सून सत्यशीलेनं ओट्यावरूनच सांगितलं, तशा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. रोज ती ओढ्याच्या वरच्या अंगाला जायची. डेरा तिकडंच उतरतो म्हणून त्या दिवशी तिनं कळप खालच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला वळवला, म्हणजे त्या लोकांची गाठच पडायला नको.

तिचा राग नुसता ऐकीव नव्हता. मागं एकदा असाच डेरा गावाजवळून गेला आणि त्याच महिन्यात तिच्या मेंढरांना देवी आल्या. तोंडावर फोड, कासेवर फोड, डोळे चिकटलेले. कोकरं उभ्या उभ्या कोसळायची. अर्ध्याहून जास्त कळप गेला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, लस वेळेवर टोचली असती तर एवढं झालं नसतं. पण ते ऐकून घ्यायला घरात कुणाला बळ नव्हतं. काठेवाड्यांनी रोग आणला म्हटलं की जरा हलकं वाटायचं. खड्डा परमेश्वरनं खणला होता. एकेक मेंढी त्यानं स्वतः उचलून आत ठेवली होती, आणि त्यानंतर त्यानं मेंढरामागं जाणं सोडलं ते कायमचं. त्याचे वडील मसाजी गुडघ्यांनी बसलेले. ते घरी दोर वळत आणि उरलेला कळप पंचफुलाबाई एकटी सांभाळी.

त्या कळपात काळी मेंढरं होती तशी पांढरीही होती. या भागातली मेंढी मूळची काळी, बुटकी. काठेवाड्यांची पांढरी आणि उंच. पण त्यांच्या मेंढ्यानं अवलाद दुधाळ होते म्हणून जुन्या दिवसांत खुद्द मसाजीनंच त्यांचा मेंढा कितीदा आपल्या कळपात सोडून घेतला होता. देवीचं साल झाल्यावर ही गोष्ट घरात कुणी काढत नसे.

दुपार कलायला लागली तेव्हा ती कळप घेऊन ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी आली, आणि बघते तर पलीकडून पांढऱ्या मेंढरांचा लोंढा पूल ओलांडून येतोय. पुढं दोन उंट, त्यांच्यावर झोपायच्या बाजा आणि भांडी, टोपल्यांतून डोकावणारी कोकरं. मागं काळ्या लुगड्यातली, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेली एक बाई. पंचफुलाबाईनं कळप मागं फिरवायला काठी उचलली, तेवढ्यात वाशिमकडून एक ट्रक आला आणि त्यानं पुलाच्या तोंडाशी येऊन कर्णकर्कश हॉर्न वाजवला. दोन्ही कळप बिथरले. काही रस्त्याखाली उतरले, काही पुलावर धावले, आणि ट्रक निघून गेला तेव्हा काळी-पांढरी मेंढरं मिसळून एकच कळप झाला होता.

पंचफुलाबाई धावत सुटली. समोर दिसेल त्या मेंढीच्या पाठीत काठी घालत, काठेवाडणीला शिव्या देत. ती बाई मात्र जागची हलली नाही. ती म्हणाली,

"मावशी, मारू नको त्याईले. बावरली हायेत. जरासक बसू दे, मंग तू तुही बोलाव, मी माही बोलावते."

पंचफुलाबाईची काठी तशीच हातात राहिली. ती बाई काय म्हणाली यापेक्षा कशी म्हणाली हेच तिच्या कानात घुमत राहिलं. उंटाची, काळ्या लुगड्याची बाई, आणि बोलणं थेट रिसोडकडचं. तिच्या आईचं.

पंचफुलाबाई लग्न होऊन इकडं आली ती रिसोडकडच्या गावातून. अंतर फार नव्हतं, एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. पण मध्ये वऱ्हाड आणि मराठवाड्याची हद्द होती. सासरी पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला सांगितलं, "मले भाकर नको, मले ताप आला." चुलीपुढं बसलेल्या नणंदा हसून लोळल्या. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं मलेबाई. पाण्याला निघाली की मलेबाई निघाली, भाकर करपली की मलेबाईनं करपवली. वऱ्हाडी माणूस खायला पुढं नि कामाला मागं, असंही वर ऐकवायचे. ती आपली एकेक शब्द टाकत गेली. मले गेलं, तुले गेलं, येजो-जाजो गेलं. पहिलं लेकरू झालं तोवर ती इथल्यासारखी बोलायला लागली होती. आई वारल्यावर तर ती बोली तिच्याशी बोलणारंही फारसं कुणी उरलं नाही.

"तू कुठली गं?" तिनं विचारलं.

त्या बाईनं सांगितलं, नाव जिवी. तिचे आजे-पणजे कच्छातले, पण ती जन्मली मंगरूळपीरच्या बाजूला, एका शेतात. कच्छ तिनं दोन लग्नांपुरतं पाहिलं होतं. तिथले नातेवाईक तिच्या बोलण्याला हसतात, म्हणतात ही मराठी झाली. इथं लोक म्हणतात काठेवाडी. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मेंढरं शांत होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून सांगितल्यासारखं सांगितलं.

मेंढरं बसली. दोघींनी हाका मारायला सुरुवात केली. एकीची हाक जिभेच्या टकटकीची, दुसरीची लांब ओढलेली. मेंढरं कान हलवून, थांबून, आपापल्या मालकिणीकडं सरकायला लागली. काम निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात नाक्याच्या बाजूनं पिकअप आली. ट्रकवाल्यानं धाब्यावर सांगितलं होतं की काठेवाड्यांनी एका म्हातारीचा कळप आपल्यात ओढून घेतलाय. पिकअपमधून परमेश्वर उतरला, गावची चार-दोन पोरं उतरली, आणि त्यांच्यामागं मोटारसायकलवर तातेराव आले.

तातेराव गावातले मोठे शेतकरी. त्यांची हळद नुकतीच शिजून निघाली होती आणि ओढ्याजवळच्या खळ्यावर वाळत पडली होती, तिची त्यांना काळजी. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की या लोकांनी आजच्या आज शिवार सोडायचं. पोरांना कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. काळं ते आपलं, पांढरं ते त्यांचं, असा हिशेब लावून ती कळपात घुसली आणि काळी मेंढी दिसली की पाय धरून इकडं ओढायला लागली.

जिवी उरलेली मेंढरं आवरत होती. पण परमेश्वरनं एका काळ्या, गाभण मेंढीचा पाय धरला तेव्हा तिनं पुढं होऊन मेंढीच्या गळ्याला मिठी मारली. परमेश्वर ओढू लागला. ती सोडेना. मेंढी दोघांच्या मध्ये ओरडत राहिली.

"परमेश्वर, सोड तिला," पंचफुलाबाई म्हणाली. "ती माझी न्हाई."

"माय, काळी हाय ती. यांच्यात काळी कुठून येईल?"

"आपल्यात पांढरी कुठून आली?"

परमेश्वरच्या हातातला पाय सुटला. पोरं थांबली. पंचफुलाबाईनं त्यांच्यातून चालत जाऊन पोरांनी ओढून आणलेल्यांपैकी आणखी दोन काळ्या मेंढ्या बाजूला केल्या, त्या जिवीच्या होत्या; आणि जिवीच्या बाजूला राहिलेली एक पांढरी, कानाला चीर असलेली, तिला हाक मारून आपल्याकडं घेतली. ती मेंढी म्हणजे देवीतून वाचलेल्या मेंढीची लेक. पंचफुलाबाईनं हे सगळं मान खाली घालून केलं. आपल्या पोराला चारचौघांत तोंडघशी पाडलं हे तिला कळत होतं आणि ते तिला आवडत नव्हतं.

तातेरावांनी तेवढ्यावर सोडलं नाही. मेंढरं वेगळी झाली हे बरं झालं, पण डेरा हललाच पाहिजे, ते म्हणाले. तेव्हा जिवीनं सांगितलं की तिला जाता येणार नाही. तिची सासू हिंगोलीच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. नवरा वरजांग तिच्यापाशी होता आणि डेऱ्यावर फक्त जिवी आणि तिची जाऊ. म्हातारीला सोडलं की ते लोक स्वतःहून जाणार होते. पोरांपैकी एक हसला. असली सासू दर गावात आजारी पडते, तो म्हणाला.

पंचफुलाबाईचं शेत ओढ्याच्या पलीकडं होतं. थोडंच, पण हरभरा निघून मोकळं झालेलं. ती तातेरावांना म्हणाली, "तुमच्या रानात नका बसू देऊ. माझ्या रानात बसतील. मेंढरं बसली तर खतच पडतंय."

तातेराव मोटारसायकलकडं वळले. मग म्हणाले, उद्या तुझीच कोंबडी गेली तर माझ्याकडं येऊ नको. ती म्हणाली, न्हाई येत.

घरी मसाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि दोर वळता वळता एवढंच विचारलं, की रोग परत आला तर? या खेपेला लस टोचलेली आहे, ती म्हणाली, आणि आपला कळप त्या रानापासून लांब ठेवीन. मसाजीनं मान हलवली. परमेश्वर जेवायला बसला, पण आईशी बोलला नाही. सत्यशीलेनं दोघांच्या ताटांत भाकरी वाढल्या आणि ती इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहिली.

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. पंचफुलाबाई मेंढरं ओढ्याच्या अलीकडं चारायची, जिवी पलीकडं. ओढा आटलेला, मधोमध एक डबकं, आणि त्याच्या दोन काठांवर दोघी बसून मोठ्यानं बोलायच्या. आधी मेंढरांवर बोलणं झालं, मग गुडघ्यांवर, मग सासवांवर. जिवीच्या हातावर मनगटापासून वर गोंदलेलं होतं, ठिपके आणि विंचू. पंचफुलाबाईनं आपल्या कपाळावरचं गोंदण दाखवलं. जिवी म्हणाली, किती कमी गोंदलं, तुझ्या मायनं कंजूषपणा केला.

एकदा पंचफुलाबाईनं विचारून टाकलं, की तुमची माणसं खरंच कोंबड्या उचलतात का. विचारलं आणि तिला वाटलं, उगाच विचारलं. जिवीनं डबक्यात शिरलेलं एक कोकरू आधी हाकललं. मग म्हणाली, असेल एखादा, जसा तुमच्यातही असेल. आणि मग तिनं सांगितलं की हिंगोलीची हद्द लागली की तिची सासू गळ्यातलं, कानातलं सगळं काढून पिठाच्या पिशवीत लपवते.

"का गं?"

"ती म्हणते, हे लोक दुष्काळातले. पाणी मागितलं तर देत नाहीत अन् डोळा लागला की अंगावरचं काढून नेतात. तिनं तिच्या सासूकडून आयकलं. मी म्हणते, कोणाचं गेलं कधी? तर म्हणते, लपवलं म्हणून गेलं नाही."

पंचफुलाबाईला आधी राग आला. मग तिला ती म्हातारी पिठात हात घालून बसलेली दिसली, आणि आपल्या गावातल्या बाया कोंबड्या आत घेताना दिसल्या, आणि ती हसायला लागली. जिवीही हसली. दोन्ही काठांवर दोघी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या, आणि मेंढरं माना वर करून बघत होती.

"मले वाटलं तू भांडशील," जिवी म्हणाली.

"मले भी वाटलं," पंचफुलाबाई म्हणाली.

शब्द गेल्यावर तिला कळलं. आजूबाजूला कुणी नव्हतं; नणंदा तर केव्हाच आपापल्या घरी म्हाताऱ्या झाल्या होत्या. तरी तिनं एकदा मागं वळून बघितलं. मग तिनं मुद्दाम, हळूहळू, आईच्या तोंडची एकेक वाक्यं काढायला सुरुवात केली. काही अर्धवट आठवत होती, ती जिवीनं पुरी केली. पोरी, लवकर येजो. तुले काय झालं वं. पंचफुलाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा जिवीनं विचारलं नाही काय झालं म्हणून. ती उठून डबकं ओलांडून आली आणि शेजारी बसली.

म्हातारीला दवाखान्यातून सोडणार अशी खबर आली. बसमध्ये तिला बसवून आणणं कठीण होतं. पंचफुलाबाईनं घरी परमेश्वरला सांगितलं की उद्या तू तातेरावांची हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात जाणारच आहेस, येताना गाडी रिकामी असते. परमेश्वर म्हणाला, मी काठेवाड्यांची रिक्षा न्हाई चालवत. त्या रात्री तिनं पुन्हा विषय काढला नाही. खड्डा खणतानाचा त्याचा चेहरा तिलाही आठवत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना पिकअप गावाकडं न वळता सरळ ओढ्यापलीकडच्या रानात गेली. केबिनमध्ये परमेश्वरच्या शेजारी एक वाळकी म्हातारी, अंगाभोवती काळी ओढणी गुंडाळलेली, आणि मागं रिकाम्या पोत्यांवर वरजांग. परमेश्वरनं दार उघडलं, म्हातारीला खाली घेतलं, तिचं गाठोडं जिवीच्या हातात दिलं आणि गाडी फिरवली.

काय झालं ते त्यानं बायकोला सांगितलं आणि सत्यशीलेनं सासूला. हळद उतरल्यावर तो दवाखान्यात गेला होता, खरं-खोटं बघायला. म्हातारी खरंच होती. तिची भाषा तिथं कुणाला कळत नव्हती, आणि वरजांग खाली फरशीवर बसलेला. परमेश्वर तिथं उभा राहिला तर शेजारच्या खाटेवरचा माणूस आपणहून त्याला म्हणाला, "भाऊ, मोबाइल सांभाळा, काठेवाडी हायेत." त्यानं आपली पिशवीसुद्धा पायांत घेतली होती. परमेश्वरनं त्याला काय उत्तर दिलं ते सत्यशीलेला माहीत नव्हतं. त्यानं म्हातारीचं गाठोडं उचललं आणि वरजांगला म्हणाला, चला.

पंचफुलाबाई संध्याकाळी दूध घेऊन डेऱ्यावर गेली. म्हातारी बाजेवर बसली होती, गळ्यात काही नाही, कानात काही नाही. तिनं पंचफुलाबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. जिवी लाजली. सांगायला तयार होईना. पंचफुलाबाईनं सोडलं नाही तेव्हा म्हणाली, सासू विचारते, ही बाई इथं काय बघायला आली.

"सांग तिला, पीठ बघायला आली म्हणावं."

जिवीनं ते सांगितलं की नाही कोण जाणे, पण काहीतरी सांगितलं. म्हातारीनं दूध घेतलं. पिऊन झाल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं. पंचफुलाबाईचा हात धरला आणि तिच्या मनगटावरच्या, जुन्या काचेच्या बांगड्यांनी पडलेल्या वळावरून अंगठा फिरवत बसली. पंचफुलाबाईनंही हात काढून घेतला नाही. अंधार पडायच्या आत दोघींचं चहा-पाणी झालं आणि ती घरी आली.

म्हातारीत जरा जीव आल्यावर डेरा हलला. गावातून कुणाचं काही गेलं नव्हतं, पण त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही. तातेरावांनी खळ्यावर वाळत राहिलेल्या हळदीवर पहिल्या दिवसापासून एक गडी बसवला होता, तो तसाच बसून होता. परमेश्वर मात्र नाक्याला जायच्या आधी रानात आला. त्यानं उंटाच्या पाठीवर बाज बांधायला वरजांगला हात दिला. दोघं पुरुष दोरीच्या गाठीविषयी हिंदीत दोन शब्द बोलले, तेवढेच. मग तो आईजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुझी मेंढरं अलीकडंच ठेव आणखी महिनाभर. मी डॉक्टरला बोलावतो, एकदा बघून घेऊ." पंचफुलाबाई म्हणाली, बोलाव. हे त्यांचं बऱ्याच दिवसांनी झालेलं पहिलं नीट बोलणं होतं.

जिवी निघताना गळ्यात पडली नाही, तसा त्यांच्यात रिवाज नव्हता. पुढच्या साली येशील का, असं पंचफुलाबाईनं विचारलं. जिवी म्हणाली, चारा कुठं असेल त्यावर हाये, आमचं आमच्या हातात नाही. उंट उठला. वर बसलेल्या म्हातारीनं काहीतरी सांगितलं आणि हात हलवला.

"सासू म्हणते, इथलं पाणी बरं हाये. दवाखान्यातलं तिले गोड लागलं नाही."

पंचफुलाबाई हसली. डेरा पूल ओलांडून वाशिमच्या बाजूला लागला, उंट आधी लहान झाले आणि मग वळणाआड गेले. ती तशीच उभी होती. मेंढरांकडं लक्ष नव्हतं. तेवढ्यात तातेरावांचा गडी खळ्यावरून ओरडला, आणि तिनं वळून बघितलं तर तिची दोन कोकरं वाळत घातलेल्या हळदीवरून खुशाल चालली होती. ती काठी सावरत, त्यांना हाका मारत पळत सुटली.